टेबलाला बांधलेलं भिंग

मित्रांनो, आमच्या वाचनालयात पाऊल टाकलंत की डाव्या हाताला वर्तमानपत्रांचं लांब टेबल दिसेल. त्याच्या पायाला एक सुतळी बांधली आहे आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला पितळी कड्यातली, बशीएवढी गोल काच आहे. ती काच म्हणजे मी, एक जुनं भिंग. सुतळी पाहून मला चोर समजू नका. चोर मी नाही, चोरीला गेलेला आहे. एका आजोबांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून चुकून घरी नेलं आणि परत देताना म्हणाले, "घरीबी बरं काम करतंय की!" त्या दिवसापासून मी बांधला गेलो.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते घासणं. फिरत्या चाकावर धरून मला इतकं घासलं, इतकं घासलं, की दोन्ही बाजूंनी मला पोट सुटलं. माणसं सुटलेलं पोट लपवतात. माझी तर सगळी किंमत त्या पोटातच आहे. पुढे शिसवी मूठ बसवून मला सोलापुरात सात रस्ता चौकातल्या एका चष्म्याच्या दुकानात मांडलं. तिथे कितीतरी दिवस मी नुसता रहदारी बघत पडून होतो.

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना मोठा रस्ता सोडून एक एसटी आत वळते, ती आमच्या गावात येते. हे गाव मराठीत भांडतं आणि कानडीत समजूत काढतं. गावातल्या म्हाताऱ्यांनी तक्रार केली, की पेपरातली अक्षरं हल्ली बारीक झाली आहेत. अक्षरं होती तेवढीच होती, पण म्हाताऱ्यांशी वाद कोण घालणार? घरोघर वर्गणी निघाली आणि मला विकत आणलं. नारळ फुटला. कुणीतरी उत्साहाच्या भरात कुंकू थेट माझ्या काचेवरच लावलं, त्यामुळे पहिल्या दिवशी दिवसभर सगळं गाव मला लालच दिसलं.

काय सांगू मित्रांनो, ते दिवस काय होते! पेपर वाचायला तर मी लागायचोच, पण औषधाच्या पाकिटावरची तारीख बघायला बायका माझ्याकडे यायच्या. शाळेतून लंगडत आलेल्या पोरांच्या पायातला बाभळीचा काटा माझ्या नजरेखाली निघायचा. कुणी शेतकरी तुरीचं पान घेऊन यायचा आणि पानामागची कीड माझ्याखाली धरून तिला शिव्या घालायचा. आमचं वाचनालय होतंच तसं. पुस्तक न्यायला आलेला माणूस दाखल्याचा अर्ज लिहून घ्यायचा, गोष्टी ऐकायला आलेलं पोर तिथेच पाढे म्हणायचं. ग्रंथपाल महेश्वरीताई कुणाला नाही म्हणत नसत. खुर्च्या लोकांनी दिल्या, पंखा लोकांनी दिला, आणि पंखा बिघडला की दुरुस्त करायलाही लोकच शिडी घेऊन यायचे.

पण माझं खरं माणूस म्हणजे शिवयोगी अण्णा. अण्णांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. भरलेल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज निवृत्तीनंतर घरात मावेना. त्यांच्या बायकोनं, गुरम्मांनी, वैतागून त्यांना वाचनालयात पिटाळलं. महेश्वरीताईंनी तो आवाज बरोबर कामाला लावला. रोज दुपारी अण्णांनी पेपर आणि त्यानंतर एखाद्या कादंबरीची थोडी पानं मोठ्यानं वाचायची, असं ठरलं.

ऐकायला यायच्या त्या कडक भाकरी करणाऱ्या बायका. पहाटेपासून चुलीपुढे बसून ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या, त्या कडकडीत वाळवायच्या, आणि सोलापूरच्या दुकानांना पाठवायचा माल बांधून झाला की हात धुऊन इकडे यायच्या. बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं. त्यांच्यात पुढारी काशम्मा. ती भिंतीला टेकून बसली, की वाचन सुरू करायला हरकत नाही असं अण्णा समजायचे.

आमच्या वाचनाची एक रीत होती. मठात पुराण ऐकायची सवय असलेली ही माणसं, नुसतं गप्प बसून ऐकणं त्यांना अपमानाचं वाटायचं. म्हणून अण्णांनी वाक्य वाचलं, की त्याचा शेवटचा शब्द सगळ्यांनी मिळून म्हणायचा. अण्णा वाचायचे, "उजनीचं पाणी उद्या सुटणार." बायका म्हणायच्या, "सुटणार!" त्यामुळे ऐकलेलं सगळं त्यांना पाठ व्हायचं. महिन्यापूर्वीची बातमी काशम्मा स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायची. मी कागदावरून सरकत असायचो, माझ्यातून अक्षरं फुगून अण्णांच्या डोळ्यात जायची, तिथून त्यांच्या तोंडी यायची आणि खोलीभर व्हायची. मला वाटायचं, ह्या सगळ्याचा उगम मीच आहे. थोडा गर्व झाला होता मला, खोटं कशाला बोलू?

मग घरोघरी मोठे मोबाईल आले. दोन बोटं ताणली की अक्षर हवं तेवढं मोठं होऊ लागलं. काटे काढायला पोरं दवाखान्यात जाऊ लागली. माझ्या पितळेला हिरवट डाग पडले. माझ्या मुठीला हात लावणारं माणूस एकच उरलं. ते म्हणजे अण्णा.

आणि म्हणूनच ते फक्त मला दिसलं.

अण्णांचा डोळा माझ्याइतका जवळून कुणीच बघत नव्हतं, गुरम्मासुद्धा नाही. पूर्वी माझ्यावर वाकले, की दोन्ही डोळे कामाला असायचे. हळूहळू माझ्याकडे फक्त उजवा यायला लागला. डावा नुसता सोबतीला असायचा. उघडा, स्वच्छ, ना लाली ना पाणी, पण त्यात कुणी राहत नव्हतं. अण्णांना स्वतःला ते कळलं नव्हतं. एका डोळ्यावर भागत होतं, मग दुसऱ्याची चौकशी कोण करतो? डाव्या बाजूला ठेवलेला चहाचा कप त्यांच्या कोपरानं सांडायचा. स्टुलाला पाय अडखळला, की ते स्टुलालाच दटावायचे. मी कधी अंधूक वाटलो तर रुमालानं मला खसाखसा पुसायचे आणि म्हणायचे, "काच लई मळतीया हल्ली."

काच मळली नव्हती, मित्रांनो. मी चकचकीत होतो. पण सांगणार कसं? मोठं करून दाखवणं एवढाच माझा धंदा. जे माझ्याखाली धरतील तेच मी मोठं करणार, आणि अण्णांचा डावा डोळा माझ्याखाली धरायचं कुणाला सुचलं नाही.

अशात एक चांगली बातमी आली. सोलापूरच्या एका दवाखान्याचे लोक आमच्या वाचनालयात मोफत नेत्रतपासणी शिबिर घेणार होते. महेश्वरीताईंनीच खेटे घालून ते ठरवलं होतं. मला इतका आनंद झाला, की काचेला तडा जातो की काय असं वाटलं. मागच्या खेपेला शेजारच्या गावात असं शिबिर झालं, तेव्हा माणसं घाबरून फिरकलीच नव्हती. तसं होऊ नये म्हणून ताईंनी एक युक्ती केली. दवाखान्यानं पाठवलेला अक्षरांचा तक्ता त्यांनी आठवडाभर आधीच भिंतीवर लावला. वर एकच भलंमोठं 'र', त्याच्याखाली 'ग ट', त्याखाली 'प न म', आणि असं करत करत तळाला मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ. "एवढंच वाचायचं असतं," त्या म्हणाल्या. "घाबरायचं काही नाही."

हेतू किती चांगला! पण भिंतीवर अक्षरं आहेत आणि आमच्या बायका गप्प बसल्या आहेत, असं कधी होईल का?

काशम्मानं तक्त्याकडे बघून विचारलं, "ही परीक्षा हाय व्हय? म्हंजी कुणी नापास बी हुतंय?"

"वाचता न्हाई आलं तर आत डॉक्टरकडं धाडत्यात म्हनं," अण्णा म्हणाले.

"अय्यो! वाचनालयाची मान्सं वाचन्यात नापास झाली तर सोलापूरची लोकं काय म्हनतील? ताईंनी एवढं केलंय आपल्यासाटी. अण्णा, घ्या की करून आमच्याकडनं."

आणि अण्णांनी घेतलं करून. आठवडाभर कादंबरी बाजूला राहिली. अण्णा तक्त्यापाशी उभे राहून ओळ वाचायचे, बायका शेवटचं अक्षर म्हणायच्या. मग सगळी ओळ म्हणायच्या. ज्यांना एरवी अक्षर ओळखता येत नव्हतं, त्याही "र, गट, पनम" करत भाकरी थापू लागल्या. रविवारी गोष्टी ऐकायला येणाऱ्या पोरांनी त्याला चाल लावली. महेश्वरीताई हसून बघत होत्या. त्यांना वाटलं, भीती गेली. मला मात्र वेगळंच दिसत होतं. डोळे कसे आहेत ते आता ह्या तक्त्याला कसं कळणार होतं?

शिबिराचा दिवस उजाडला. खोली माणसांनी भरली. तपासणीची खुर्ची नेमकी माझ्या टेबलाला लागून ठेवली होती. एक तरुण मुलगी एकेकाला बसवायची, आधी डावा डोळा झाकायला सांगायची, मग उजवा. जो अडखळेल त्याला आतल्या खोलीत डॉक्टरांकडे पाठवायची. जो सगळं वाचेल तो सुटला. अडखळत कुणीच नव्हतं. ती मुलगी चकित झाली. "किती छान नजर आहे हो तुमच्या गावाची!" असं ती दोनदा म्हणाली.

काशम्मा बसली आणि घोटाळा झाला. एवढी पुढारी बाई, पण परीक्षा म्हटल्यावर तिला घाम फुटला. 'प न म'पाशी ती थांबली. पुढचं काही केल्या आठवेना. दिसत तर नव्हतंच. मुलीनं तिला आत जायला सांगितलं, तेव्हा तिनं तोंडाला पदर लावला. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. वाचनालयाचं नाव तिनं घालवलं, असं सगळ्यांना वाटलं. तिला स्वतःलाही वाटलं.

मग अण्णा आले. ते माझ्या इतक्या जवळ बसले की त्यांची बाही माझ्या मुठीला लागत होती. डावा डोळा झाकून त्यांनी उजव्यानं सगळा तक्ता वाचला, तळाच्या मुंग्यांसकट. तो त्यांना खरंच दिसत होता. "आता दुसरा," मुलगी म्हणाली. अण्णांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

ते क्षणभर थांबले, मित्रांनो. मी पाहिलं ते. त्यांचा डावा डोळा भिंतीकडे होता आणि भिंतीवर त्याच्यासाठी काहीच नव्हतं. मी मनात ओरडत होतो, अण्णा, दिसत नाही म्हणा. एवढे दोनच शब्द म्हणा. खिडकीतून उन्हाची तिरीप टेबलावर आली होती. ऊन माझ्यातून नीट गेलं तर मी कागद पेटवू शकतो. मला वाटलं, पेटवावा तो तक्ता! पण मी आडवा पडलो होतो आणि मला उचलून उन्हात धरायला हात लागतो. माझे हात म्हणजे माणसांचे हात. ते त्या वेळी सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत होते.

अण्णांनी घसा साफ केला आणि कंडक्टरच्या आवाजात सुरुवात केली, "र!" मागून सवयीनं बायकांनी साथ दिली. एक अक्षर चुकलं नाही. मुलगी म्हणाली, "आजोबा, ह्या वयात सिक्स बाय सिक्स! काही गरज नाही आत जायची." टाळ्या झाल्या. गुरम्मांनी घरून आणलेल्या शेंगपोळ्या वाटल्या. आतल्या खोलीतल्या डॉक्टरांनी अण्णांचं तोंडही पाहिलं नाही.

काशम्माला मोतीबिंदू निघाला. सोलापुरात तिचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा उतरल्यावर ती वाचनालयात आली, ती बघतच राहिली. पंखा पिवळा आहे हे तिला नव्यानं कळलं. एका बाईला म्हणाली, "अगं, तू म्हातारी झालीस की!" नापास झालेली ती एकटीच खऱ्या अर्थानं पास झाली होती. पण तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अण्णांचा उजवा डोळाही आक्रसत गेला. माझ्यातून एका वेळी पूर्वी आख्खी ओळ दिसायची, मग एक शब्द, मग अर्धा. अण्णा मला ओळीवरून ढकलत ढकलत न्यायचे, ओळ संपली की खालची सापडायची नाही, मग तीच पुन्हा वाचायचे. बायका तोच शेवटचा शब्द पुन्हा म्हणायच्या. वडीलधाऱ्या माणसाला कोण चूक म्हणणार? अण्णांनाही वाटायचं, म्हातारपण आहे. आपण तर पास झालोय.

एका दुपारी काशम्मा टेबलाशेजारी बसली होती. अण्णा रंगात येऊन कादंबरी वाचत होते. तिची नवी नजर माझ्यावर आली. मी पानाच्या कडेला, कोऱ्या कागदावर होतो. माझ्याखाली एक अक्षर नव्हतं, आणि अण्णा वाचत होते. मागे एकदा वाचलेला भाग होता तो, त्यांना पाठ असलेला. काशम्मानं वाचन संपू दिलं. सगळ्या गेल्यावर ती महेश्वरीताईंपाशी गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, अण्णांना दिसत न्हाय वो."

दुसऱ्याच दिवशी ताई आणि गुरम्मा अण्णांना घेऊन सोलापूरला गेल्या. काय झालं ते मला त्या परत आल्यावर कळलं. काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेनं गुपचूप कुरतडली जाते, आणि गेलेली परत येत नाही. डावा केव्हाच संपला होता. उजव्यात किल्लीच्या भोकाएवढं उरलं होतं. तेवढं टिकावं म्हणून थेंब दिले होते, पण टिकेलच असं डॉक्टरांनी सांगितलं नाही. शिबिरात कळलं असतं तर उजवा बराच वाचला असता, एवढं मात्र सांगितलं.

महेश्वरीताई टेबलावर डोकं ठेवून रडल्या. "तक्ता मीच लावला, अण्णा. मीच लावला."

"तुझी काय चूक, पोरी?" अण्णा म्हणाले. "मी कुटं खोटं बोललो? उजवा डोळा झाकला आन् अक्षरं समोर आली की. मला वाटलं, मी वाचलंच." मग चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आयुष्यभर वाचलेलं आन् आठवलेलं एकच वाटायचं मला."

मी तिथेच होतो, त्यांच्या हातापासून वीतभर. इतकं सगळं आधी पाहिलेला, आणि कशाला म्हणून उपयोगी न पडलेला.

आता दुपारी महेश्वरीताई वाचतात. अण्णा येतात, ऐकतात. परवा वाचन संपल्यावर गुरम्मा त्यांना न्यायला आल्या, तेव्हा अण्णा म्हणाले, "बस जरा समोर. तुला बघू दे."

"काय वो हे? लोकं बघत्यात," गुरम्मा लाजल्या. पण बसल्या.

अण्णांनी चाचपत मला उचललं. किती दिवसांनी त्यांचा हात लागला होता मला! त्यांनी मला गुरम्मांच्या चेहऱ्याजवळ धरलं आणि मी जिवाचं रान करून जे येतं तेच केलं. मोठं केलं. कपाळावरची विभूती मोठी झाली, इतकी की अण्णांच्या त्या इवल्याशा नजरेत तेवढीच मावली. त्यांनी मला खाली घेतलं, नाकातली चमकी आली. आणखी खाली, हनुवटी आली. चेहरा काही येईना. जेवढं मी मोठं करीन तेवढं त्यांना कमी दिसणार, हे मला त्या क्षणी कळलं आणि माझं मलाच नकोसं झालं.

मग अण्णांनी मला टेबलावर ठेवून दिलं. खुर्ची थोडी मागे सरकवली, मान जराशी वाकडी केली.

"हां," ते म्हणाले. "आत्ता दिसलीस सगळी."

मित्रांनो, मला बाजूला ठेवलं ह्याचं वाईट वाटून घेऊ नका. माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरात कुणी कप सांडत असेल, उंबऱ्याला ठेचकाळत असेल, तर त्याला हसू नका, रागावू नका, त्याला डॉक्टरांपुढे नेऊन बसवा. आणि तुम्ही स्वतः त्या खुर्चीत बसाल, तेव्हा जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणा. मोठ्यानं म्हणा. तुमच्या शेजारी टेबलावर माझ्यासारखं कुणीतरी पडलेलं असेल, त्याला सगळं माहीत असेल, आणि त्याला तोंड नसेल.